धुऊन दिलेला कॉम्प्युटर

माझ्या बायकोचा कॉम्प्युटर तिच्या माहेरच्यांनी धुऊन टाकला, हे मला वाटपाच्या शनिवारी कळलं. तोपर्यंत मी फक्त बायको गेलेला माणूस होतो. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

बिरागोच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वस्तूंचं वाटप मामपोंगला होतं, तिच्या आईच्या घरी. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे दुखवट्याच्या काळ्या-लाल कापडात आले होते. बिरागोला पुरल्यावर तिच्या घरच्यांनी आमच्या कुमासीच्या घरातून तिच्या सगळ्या वस्तू नेल्या होत्या आणि इथे एका खोलीला कुलूप लावून ठेवल्या होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. घानातल्या आमच्या लोकांत बायकोचं जे असतं ते तिच्या आईच्या घराण्याचं. माझी बहीण गेली तेव्हा आम्हीही तिच्या नवऱ्याच्या घरातून असंच सगळं आणलं होतं, आणि तो बिचारा दारात उभा राहून बघत होता. आता मी बघत होतो.

कपडे धुऊन, इस्त्री करून आणले होते. ते बहिणींना गेले. भांडी राखेने घासली होती, ती मावशीला गेली. शेवटी ओबेंग मामा उठले. हे बिरागोचे मामा, घराण्याचे कर्ते. त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बाहेर आणला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला.

"हा पोकुआला," मामा म्हणाले. पोकुआ बिरागोच्या बहिणीची मुलगी, तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे. "हिने मावशीची गादी चालवायची."

सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, चालू तर करून दाखव. पोकुआने व्हरांड्यातल्या टेबलावर तो जोडला आणि बटण दाबलं. मी जवळ गेलो. तो सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी चार नावं यायची, हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मी ती नावं बघत होतो. कुठलं नाव निवडलं यावर बिरागोचा पुढचा वेळ कसा जाणार ते ठरायचं.

नावं आली नाहीत. निळं आकाश आलं, हिरवी टेकडी आली, आणि स्वागताचं एक वाक्य.

"नावं कुठायत?" मी विचारलं.

"कसली नावं, काका?" पोकुआ म्हणाली.

"चार नावं यायची. क्वाजो, क्वाकू, अफुआ, क्वामे. कुठं गेली?"

ओबेंग मामा खूश होऊन पुढे आले. "जावई, तो धुऊन घेतलाय. कुमासीत अडुमच्या बाजारात चांगल्या दुकानात दिला होता. मेलेल्या माणसाच्या अंगाचं काही नव्या माणसाकडे जाऊ नये. कपडे धुतले, भांडी घासली, मग हा डबा तेवढा तसाच द्यायचा होय?"

मला आधी कळलंच नाही. "धुतला म्हणजे?"

"म्हणजे आतून. सगळं काढून टाकलं त्याने. आता नवा झालाय. त्याच्याबरोबर ती छोटी डिस्क होती, त्या बोटाएवढ्या कांड्या होत्या, त्याही धुऊन घेतल्या. काही सोडलं नाही."

खरंच त्यांनी काही सोडलं नव्हतं.

मी ओरडलो. वाटपाच्या दिवशी सासुरवाडीत ओरडू नये, हे मला माहीत आहे. मी म्हणालो, "मामा, तुम्ही तिला दुसऱ्यांदा पुरलंत."

मग मागून तिची एक चुलत बहीण म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघा, बायकोसाठी एवढा रडला नाही, डब्यासाठी रडतोय."

"मी रडत नाहीये," मी म्हणालो. "मला राग आलाय. दोन्हींतला फरक तुम्हाला कळत नसेल तर घरी जा."

"घर आमचं आहे, जावईबुवा," ती म्हणाली. "जायचं तर तुम्हीच जा."

मी गेलो.

काय गेलं ते आता सांगतो, नाहीतर मी एका डब्यापायी भांडलो असं त्यांच्यासारखं तुम्हालाही वाटेल.

बिरागो कुमासीतल्या एका मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिथे कॉम्प्युटरची एक खोली आहे. युरोपातल्या कुठल्यातरी ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं जहाजाने आली, ती तिथे बसवली. यंत्रं जुनी पण धडधाकट. त्यांच्यात जी ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर जागा होतो आणि काम करतो ते, ती मात्र इतकी जुनी झाली की तिला कुणी विचारेना. नवी सिस्टिम त्या यंत्रांना पेलत नव्हती. एक पुरवठादार शाळेत येऊन म्हणाला, सगळी भंगारात काढा, माझ्याकडून नवी घ्या. नवी घ्यायची तर शाळेला दोन-तीनच परवडली असती. म्हणजे एवढ्या मुलींनी कॉम्प्युटर फळ्यावर शिकायचा.

बिरागो म्हणाली, यंत्र टाकायचं नाही, आतली सिस्टिम बदलायची. फुकट मिळणाऱ्या कितीतरी सिस्टिम जगात आहेत, त्यांतली आपल्याला कोणती चालते ते मी बघते.

मला ते लगेच पटलं. मी सुआमेत गाड्यांच्या बॉडीचं काम करतो, पत्रा आणि रंग. आमच्या गल्लीत एका कंपनीच्या ट्रकमध्ये दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवणं हे रोजचं काम आहे. ट्रक पळतो. कुणी त्याला भंगार म्हणत नाही.

शाळेच्या मंडळाने तिला सांगितलं, तुम्ही एक सिस्टिम ठरवा, तिचं नाव द्या आणि ती का तेही द्या. सत्र सुरू होण्याआधी आम्ही निर्णय घेऊ. तिने घरच्या कॉम्प्युटरवर, तोही शाळेतल्यासारखाच जुना, एकेक सिस्टिम बसवून बघायला सुरुवात केली.

आमच्याकडे पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, पण ते मिळतं आठव्या दिवशी. तोवर ते पाहुणं असतं, राहील की जाईल सांगता येत नाही. आठव्या दिवशी पहाटे त्याच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतात, मग दारूचा. पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण, असं त्याला बजावतात. बिरागोने सिस्टिमना हाच नियम लावला. बसवल्यापासून आठवडाभर ती टिकली तर तिचं बारसं. आणि पाण्याचा थेंब म्हणजे काय, तर बिरागो काहीतरी लिहायची, जतन करायची, सिस्टिमने "जतन झालं" म्हटलं की भिंतीतून वायर उपटायची. पुन्हा लावून बघायची. लिहिलेलं सापडलं तर ती खरं बोलली. नाही सापडलं तर खोटारडी, तिला नाव नाही, आठवड्याच्या आत बाहेर. आमच्याकडे वीज कशी जाते ते वेगळं सांगायला नको. जी सिस्टिम वीज गेल्यावर खोटं बोलते ती आमच्या काय कामाची?

कितीतरी आल्या आणि नावाशिवाय गेल्या. राहिल्या त्या चार. सोमवारी बसवलेला क्वाजो, बुधवारचा क्वाकू, शुक्रवारची अफुआ, शनिवारचा क्वामे.

"मुलगा की मुलगी हे कशावरून ठरवतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"उठायला वेळ लावला की मुलगा," ती म्हणाली. "तुझ्यावरून ठरवलं."

आम्हाला मूल नव्हतं. लोक जे म्हणायचे ते म्हणायचे. बिरागोला त्यात गंमत वाटायची, आणि तिला गंमत वाटली की मलाही वाटायची. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती त्यांच्या तक्रारी सांगायची, शेजारणीने पोरांच्या सांगाव्यात तशा. "क्वाजोने आज पुन्हा डेटा मागितला. डेटा नाही म्हटलं तर फुगून बसला." "क्वाकू वीज गेल्यावर परत आला, पण कचेरीतल्या कारकुनासारखा. आधी काळ्या पडद्यावर सगळी कैफियत लिहिली, मग विचारलं पुढे जाऊ का." "अफुआ गुणी आहे गं बाई, न सांगताही सगळं जपून ठेवते, पण शाळेचं छापायचं यंत्र तिला ओळखताच येत नाही." "क्वामेला सगळं येतं. आपली अक्षरंसुद्धा त्याला न शिकवता येतात. पण खातो किती! दोन कामं सांगितली की हलत नाही."

आपली अक्षरं म्हणजे आमच्या भाषेतली ती दोन, जी साध्या कीबोर्डवर नसतात. लोक त्यांच्या जागी तीनचा आकडा आणि कंस टाकून वेळ मारून नेतात. बिरागोला ते खपत नसे. म्हणायची, माझ्या मुलींनी स्वतःच्या आईचं नाव आकडा घालून लिहायचं का?

तर ते सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. चार सिस्टिम शेजारी शेजारी, प्रत्येक घासूनपुसून शाळेला द्यायच्या तयारीत आणलेली, आणि प्रत्येकीने काय केलं, काय नाही केलं, याचं तिने बोलून ठेवलेलं, तिच्या आवाजात. क्वाजो आणि क्वाकू तिने मनातून काढले होते. शेवटच्या दिवसांत तिचं अफुआ आणि क्वामे यांच्यात चाललं होतं. कोणाला निवडलंस, असं मी विचारलं की म्हणायची, मंडळासमोर सांगेन, आधी तुला सांगितलं तर तू सगळ्या सुआमेला सांगशील.

आणि मग ती वर्गात फळ्यासमोर खाली बसली. मुलींना वाटलं खडू पडलाय, तो उचलतेय.

वाटपानंतर सोमवारी मी काम टाकून अडुमला गेलो. दुकान सापडलं. दुकानदाराचं नाव इश्माएल, तिशीतला माणूस, भिंतीवर उघडे कॉम्प्युटर टांगलेले. मामपोंगहून आलेला कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याला आठवलं.

"हो, मेलेल्या बाईंचा. म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, आतून स्वच्छ धुवायचा, काहीही राहता कामा नये."

"आणि तू धुतलास."

"नीट धुतला," तो म्हणाला. त्याला वाटलं मी काम कसं केलं याची खातरी करायला आलोय. "वरवर पुसला तर पुन्हा काढता येतं. मी प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं. दोनदा फिरवला. तुम्ही कुठंही न्या, त्यातून काही निघणार नाही."

मी त्याच्या काउंटरवर हात आपटला. "अरे माणसा, चार सिस्टिम दिसल्या ना तुला? चार! घरी कुणी गंमत म्हणून चार बसवतं का? विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"बाबा, ओरडू नका. मला वाटलं कुणी शिकाऊने गोंधळ घातलाय."

"नावं नाही दिसली?"

"दिसली. क्वाजो, क्वाकू, असं काहीतरी. घरातल्या माणसांची असतील म्हटलं. ज्याचं त्याचं खातं."

"त्या नावांच्या मागे सिस्टिम कोणत्या होत्या?"

त्याने काउंटरवरचे स्क्रू गोळा केले. मग म्हणाला, "ते नाही बघितलं. धुवायचंच होतं ना."

हे ऐकून मला काय कळलं ते सांगतो. सिस्टिम कोणती आहे, तिला जगात काय म्हणतात, हे बिरागोने पडद्यावरूनसुद्धा पुसलं होतं. आपण पोराला घरातल्या नावाने हाक मारतो, तसं. मी ती चौघं ओळखत होतो. कोण कसा उठतो, कोण कशावर रुसतो, कोणाला काय येत नाही, सगळं मला ठाऊक होतं. पण रस्त्यात त्यांचं खरं नाव घेऊन कुणी विचारलं असतं तर मला एकाचंही सांगता आलं नसतं. आणि आता तर कुणालाच आलं नसतं.

तिथून मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका आफ्रिये बाई बिरागोला मानायच्या. अंत्यविधीला त्यांनी सगळ्या मुलींना काळ्या फिती लावून आणलं होतं. त्यांच्या खोलीत पुरवठादार बसला होता, टाय लावून, गार पाण्याची पिशवी चोखत.

"बसा, सिरिबो," बाई म्हणाल्या. "बरं झालं आलात. मंडळाला नाव हवंय. बिरागोने कोणती ठरवली होती?"

"ती दोघांवर आली होती. अफुआ नाहीतर क्वामे."

पुरवठादाराने पिशवी तोंडातून काढली. "कोण?"

मी समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. पुरवठादार मधेच हसला, म्हणाला, "बाई, ऑर्डर मी कुणाच्या नावाने लिहू? अफुआ, वय पाच, राहणार कुमासी?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणालो. "तुमची यंत्रं विकायचीत म्हणून तुम्ही हसताय."

"मी हसतोय कारण फुकटच्या खेळण्यांवर शाळा चालत नाही, म्हणून."

"तुमची विकतची आणा की आमच्या वीज जाणाऱ्या घरात. वायर उपटून बघू, खरं बोलते का."

"सिरिबो," बाई म्हणाल्या. त्यांनी पुरवठादाराला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा. सगळ्यांना माहीत असलेली एखादी सिस्टिम सांगा. इश्माएलला विचारा, चांगली कोणती, तो सांगेल. तिचं नाव बिरागोच्या अहवालात घालू. मंडळ तिच्या शब्दाला मान देतं. मुलींची खोली वाचेल. हे तिलाही आवडलं असतं."

बाईंचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला.

"तिला काय आवडलं असतं ते सगळ्यांना कळतंय," मी म्हणालो. "तिच्या मामांना कळतंय, कॉम्प्युटर धुतलेला आवडला असता. तुम्हाला कळतंय, खोटा अहवाल आवडला असता. बाई, तिने आठवडाभर वायर उपटून बघितल्याशिवाय कुणाला नावसुद्धा दिलं नाही. आणि आता तिच्या नावावर तुम्ही न बघितलेली सिस्टिम लिहिणार? जी खोटं बोलली तिला ती घराबाहेर काढायची. आणि तुम्ही तिच्याच तोंडी खोटं घालणार?"

"मग मी काय करू? मंडळाला अफुआ सांगू?"

"अफुआ कोण ते मी शोधून देतो."

"तुम्ही?"

"मी तिला ओळखतो."

बाईंनी खणातून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली काढली. मग म्हणाल्या, "खोलीतला एक बंद पडल्यासारखा आहे, तो न्या. भंगाराची गाडी मंडळाची बैठक झाल्यावर येणार आहे. तोवरच हं."

तो कॉम्प्युटर मी ट्रो-ट्रोच्या मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, टीव्ही का? मी म्हणालो, नाही, नातेवाईक आहे.

इश्माएलकडे पुन्हा गेलो. कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं, तो जरा मवाळ होता. म्हणाला, जुन्या यंत्रांवर चालतील अशा सिस्टिम माझ्याकडे भरपूर आहेत. एका पुडक्यात त्याने मूठभर कांड्या, म्हणजे पेन ड्राइव्ह, दिल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. कशी बसवायची ते दाखवलं. एकदा दाखवल्यावर मला आलं नाही. मी तसं सांगितलं. तो पुन्हा दाखवायला लागला, तेव्हा गिऱ्हाईक आलं आणि त्याने फोन नंबर दिला.

मी पत्रा ठोकणारा माणूस. पहिली सिस्टिम बसवताना मी तीनदा चुकलो. दोनदा पडदा काळा राहिला. फोनवर इश्माएल म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हणायच्या जागी नाही म्हणताय." मी म्हणालो, "आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणत आलोय, आता जरा नाही म्हणू दे."

चर्चहून आल्यावर रविवारी दुपारी मी बसायचो. एक सिस्टिम बसवायची, चार ओळी लिहायच्या, जतन करायच्या, वायर उपटायची. शेजारीण दोनदा येऊन बघून गेली. तिला वाटलं मला दुःखाने वेड लागलंय. तिने मला वाडगाभर मटणाचा रस्सा आणि फुफूचा गोळा आणून ठेवला, आणि घरी जाऊन आपल्या नवऱ्याला काय सांगितलं ते मला भिंतीतून ऐकू आलं.

क्वाकू सगळ्यात आधी सापडला. वायर लावली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी धावायला लागल्या, अमुक तपासलं, तमुक तपासलं, आणि शेवटी थांबून त्याने विचारलं, पुढे जाऊ का. मी त्याला शिवी घातली. मग लक्षात आलं की मी त्याला त्याच्या नावाने शिवी घातली. चिकटपट्टीवर काय लिहिलंय ते बघून मी कागदावर लिहून घेतलं.

क्वाजोही ओळखायला अवघड गेला नाही. पडदा उजळायच्या आत त्याने इंटरनेट मागितलं. नाही म्हटल्यावर त्याची अर्धी चित्रं फिकी पडली आणि तशीच राहिली.

मधल्या दोघी-तिघींनी "जतन झालं" म्हटलं आणि त्या खोटं बोलल्या. त्यांना मी कांडीतच ठेवलं.

एका रविवारी एक सिस्टिम बसवली. तिचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. काय लिहावं सुचेना, म्हणून बिरागोचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या गावाचं नाव लिहिलं. जतन केलं, पण पुढची एक ओळ जतन न करताच लिहिली आणि वायर उपटली. परत लावली. सिस्टिम लगेच उठली. काही कैफियत नाही, काही प्रश्न नाही. लिहिलेलं सगळं समोर होतं, जतन न केलेली ओळसुद्धा, आणि ओळीच्या टोकाला ती उभी रेघ लुकलुकत होती, आपण मधेच उठून गेलो होतो आणि आता परत आलोत, तशी. बिरागो म्हणाली होती, अफुआ न सांगता जपून ठेवते.

मी तिथेच बसून राहिलो. शेजारणीने दारातून माझ्या वाराच्या नावाने हाक मारली, "क्वाबेना, काय झालं?" मी म्हणालो, "अफुआ सापडली." ती म्हणाली, "देवाचे आभार," आणि घाईघाईने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून छापायचं यंत्र मागून आणलं. अफुआला जोडलं. तिने ओळखलं नाही. मला इतका आनंद झाला की मी इश्माएलला फोन करून सांगितलं, छापत नाहीये, अजिबात छापत नाहीये! तो म्हणाला, "बाबा, मग खूश कशाला होताय?"

आफ्रिये बाईंना अफुआ सापडली एवढंच कळवलं. त्या म्हणाल्या, "मग झालं की. हीच द्या. हिचं खरं नाव सांगा, मंडळाला कळवते. छापायचं पुढे बघू."

"नाही," मी म्हणालो. "ती दोघांवर आली होती. मला एकच सापडली. एका बाजूचं ऐकून निकाल द्यायचा तर मग मामांनी काय वाईट केलं? प्रश्नपत्रिका कुठे छापणार, अडुमला रांग लावून?"

"सिरिबो, तुम्ही माणूस आहात की मुनीम?"

"मी नवरा आहे."

त्यांनी फोन ठेवला. रागाने ठेवला असं वाटलं नाही.

इकडे मामपोंगहून निरोप आला. पोकुआने फोन केला, म्हणाली, "काका, मामा म्हणतात वर्षाच्या विधीला यायला हवं. आणि मला एक विचारायचं होतं. मावशीच्या कॉम्प्युटरवर मी काही करत नाही. तो नुसता बसलाय, निळं आकाश दाखवतो. तुम्हाला हवा असेल तर मी मामांना विचारते."

"विचारू नको," मी म्हणालो. "विचारलंस तर ते पुन्हा धुतील."

ती हसली. मग म्हणाली, "मामांना वाईट वाटतंय, काका. ते बोलून दाखवत नाहीत."

"त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. कपडे आणि यंत्र यांतला फरक समजून घ्या. पुढच्या वेळी कुणी मेलं तर उपयोगी पडेल."

हे मी रागात बोललो. परत घेणार नाही. ज्याला आपण हात लावतोय ते काय आहे ते आधी विचारावं, एवढं मागणं जास्त नाही. मामांनी विचारलं नाही, इश्माएलने विचारलं नाही, आणि शाळेने तर विचारायचं सोडून लिहून टाका म्हटलं. प्रत्येकाला वाटलं आपण तिच्यासाठी चांगलं करतोय. प्रत्येकाने तिच्या हातचं काहीतरी पुसलं.

पुडक्यात अजून काही कांड्या उरल्यात. क्वामे त्यांतला कुठलातरी असेल किंवा नसेलही. इश्माएल म्हणतो, बाईंनी कदाचित दुसरीकडून आणला असेल, जग मोठं आहे, बाबा.

मंडळाची बैठक ठरली आहे. क्वामे अजून सापडलेला नाही. अफुआला शाळेचं छापायचं यंत्र अजून ओळखता येत नाही. शाळेला मी नाव कळवलेलं नाही.